कंपनी म्हणते, ‘राउटर आमचाच लागेल’: वारंवार येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की जुन्या पेठेतला दगडी वाडा, फायबरचं कनेक्शन नवं असताना सगळे खूश असतात. महिना उलटतो आणि तक्रारी सुरू होतात, त्याही ठरलेल्या. इंटरनेट कंपनीचा पांढरा डबा हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, आणि आतल्या खोलीत रेंज नाही. वायफायचं नाव-पासवर्ड बदलून ठेवला तर काही दिवसांनी आपोआप पहिलाच येतो. दुकानातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर मोबाइलवर दिसायचा, तो दिसेनासा होतो. घरात चांगला राउटर पडून आहे, तो लावा म्हटलं तर लाइनमनचं उत्तर पाठ असतं: “आमचंच लागतंय ओ, दुसरं चालत नाही.” मग तो डबा बंद करतो, चालू करतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि जातो. आठवड्याभरात पुन्हा तेच.

मी दुकानं, दवाखाने आणि एमआयडीसीतल्या गारमेंट युनिटांना नेटवर्क आणि कॅमेरे बसवून देतो, त्यामुळे हे भांडण दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं. माझं मत असं की त्या एका डब्यात दोन वेगळी कामं कोंबलेली आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे. पहिलं काम म्हणजे काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं साध्या नेटवर्कमध्ये रूपांतर करणं. या भागाला ओएनटी म्हणतात, काही जण ओएनयू म्हणतात. दुसरं काम म्हणजे ते इंटरनेट घरातल्या मोबाइल, टीव्ही, कॅमेऱ्यांना वाटणं आणि वायफाय सोडणं. हा झाला राउटर. पहिल्या कामासाठी डबा आमचाच हवा, हा कंपनीचा आग्रह रास्त आहे. दुसरं काम तुमच्या राउटरने केलं तर कंपनीचं काडीचंही नुकसान होत नाही. लाइनमन दोन्हींना मिळून ‘राउटर’ म्हणतो, आपणही तेच म्हणतो, आणि मग वाद भलत्याच गोष्टीवर होत राहतो.

आधी घरात कुठली वायर येते ते बघा

भिंतीतून बारीक काळी किंवा पांढरी तार आली असेल, पुढे पिवळी पॅच कॉर्ड असेल आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल, तर फायबर थेट घरात आलंय. जाडसर निळी किंवा करडी वायर आणि टोकाला पारदर्शक प्लास्टिकचा आठ पिनांचा कनेक्टर असेल, तर ती साधी लॅन केबल. म्हणजे फायबर अपार्टमेंटच्या जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या पेटीपर्यंतच आहे आणि पुढे स्विचवरून केबल ओढलीय. केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेल्यांच्या जुन्या लायनी बऱ्याचदा अशा असतात.

लॅन केबल येत असेल तर ‘आमचाच राउटर’ या म्हणण्याला तांत्रिक आधार काहीही नाही. कुठलाही राउटर आणा, वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या भोकात, वायर लावा, कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड टाका, चालू झालं पाहिजे. झालं नाही तर बहुतेक वेळा मॅक बायडिंग असतं. त्याचं पुढे सांगतो.

थेट फायबर असेल तर मात्र लाइनमनच्या बाजूनेही बोलायला हवं. आपल्याकडच्या घरगुती फायबरमध्ये सहसा जीपॉन किंवा ईपॉन ही पद्धत असते. जीपॉनचं घ्या. कंपनीच्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या एका पोर्टवरून एक तार निघते आणि स्प्लिटरने ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा. त्या पोर्टची क्षमता खाली येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाताना सुमारे १.२५ गिगाबिट, तीही सगळ्या घरांत मिळून. वर जाताना सगळ्यांना एकाच तारेतून जायचं असल्यामुळे कुणी कधी बोलायचं ही वेळ ओएलटी ठरवून देतो. गल्लीतल्या नळाला नंबर लावून घागरी भराव्यात तसं. एखादा बिघडलेला ओएनटी नंबर मोडून मध्येच प्रकाश मारायला लागला, तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरं लटकू शकतात. म्हणून प्रत्येक ओएनटीचा सिरीयल नंबर ओएलटीवर नोंदवलेला असतो. नोंद नसलेला डबा ऑनलाइन मागवून लावलात तर पॉनचा दिवा लुकलुकत राहील, स्थिर होणार नाही. त्यात तुमची काही चूक नसते आणि डबाही खराब नसतो.

काही छोटे ऑपरेटर ग्राहकाने आणलेला ओएनटी नोंदवून देतात. तसं करायचं असेल तर खरेदीच्या आधी विचारा: तुमचा ओएलटी ईपॉन की जीपॉन, आणि कनेक्टर हिरवा की निळा. हिरव्या कनेक्टरचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा निळ्यात घुसतो खरा, पण प्रकाश वाया जातो आणि टोकं खराब होतात. माझं विचाराल तर ओएनटी विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. तो जळला तर बदलून देणं कंपनीचं काम असू द्या. आपले पैसे राउटरवर घाला.

राउटर घेतानाही एक सापळा आहे. स्वस्तात दिसला म्हणून मागे टेलिफोनच्या वायरीचं छोटं भोक असलेला एडीएसएल मोडेम-राउटर लोक घेऊन येतात. तो जुन्या तांब्याच्या लायनीचा आहे. आपल्याला मागे वॅन लिहिलेलं पोर्ट हवं, ते गिगाबिटचं हवं, आणि २.४ सोबत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय हवं. बाकी चार अँटेना की सहा, यात फार अर्थ नाही.

दोष त्यांचा की वायफायचा, हे आधी ठरवा

राउटर बदलल्याने बरं होणारं दुखणं कुठलं आणि लाइनचं कुठलं, हे न बघताच लोक खर्च करतात. डब्याचे दिवे वाचता आले तर निम्मं काम तिथेच होतं. एलओएसचा दिवा लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही: तार तुटलीय, कुठेतरी जास्त वाकलीय किंवा कनेक्टरमध्ये धूळ आहे. रस्त्याची खोदाई चालू असेल, किंवा सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मार्गावर तुमची केबल आडवी लटकत असेल, तर हा दिवा आधी बघा. पॉन लुकलुकतोय म्हणजे प्रकाश पोचतोय पण ओएलटीवर नोंद होत नाही. पॉन स्थिर आहे आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल आहे, तर तार ठीक, अडलंय लॉगिनवर किंवा बिलावर. यांतलं काहीही नवा राउटर घेऊन सुटणार नाही.

डब्याच्या ॲडमिन पेजवर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जाता येत असेल तर तिथे ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा असतो, आरएक्स म्हणून. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहा. उणे २७च्या पलीकडे गेला की दिवसातून अधूनमधून तुटणं, संध्याकाळी लटकणं हे प्रकार सुरू होतात. त्याचा फोटो काढून तक्रारीला जोडा. ‘नेट स्लो आहे’ या वाक्याने लाइनमन हलत नाही, आकड्याने हलतो.

दिवे सगळे ठीक असतील तर लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड बघा. वायरने पूर्ण स्पीड आणि वायफायवर रडारड, म्हणजे दुखणं राउटरचं. तुमचा राउटर उपयोगी पडेल. वायरनेही कमी, म्हणजे दुखणं लाइनचं किंवा प्लॅनचं.

एक आकडा मात्र लक्षात ठेवाच. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा आणि वायरवर स्पीड कायम ९३-९५च्या आसपास अडकतो, कधीच पुढे जात नाही. हे लाइनचं दुखणं नाही. मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे. स्वस्त ओएनटीमध्ये चार लॅन पोर्टपैकी एकच गिगाबिटचं आणि बाकीची १०० ची, असं सर्रास असतं. केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घालून बघा. तरीही तेच असेल तर केबल तपासा: आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील, किंवा एखादी तुटली असेल, तर जोडणी १०० वरच बसते. लोक यासाठी कस्टमर केअरशी महिनोन्‌महिने भांडतात आणि खरं दुखणं असतं एका क्रिंपिंगमध्ये, म्हणजे कनेक्टर दाबून बसवण्यात.

वायफायवरचं गणितही असंच. कंपनीचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर दोन अँटेनांवर आणि नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जोडणीचा आकडा १४४ एमबीपीएस दिसतो, आणि हातात पडतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. शेजारीपाजारी दहा वायफाय असतील तर त्याहून कमी. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. दाट वस्तीत चॅनल ऑटोवर सोडण्यापेक्षा या तिघांपैकी सगळ्यांत रिकामा बघून कायम करा.

दगडी वाडा किंवा दोन मजली रो हाउस असेल तर आणखी ताकदवान राउटर घेऊन फायदा नाही. दोन फुटांच्या दगडी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जात नाही, मग तो कितीचाही असो. आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय सोडायला, लावा. केबल ओढायचा कंटाळा करून लोक वायफायच पकडून पुढे फेकणारा रिपीटर लावतात आणि मग त्याचीही तक्रार करतात.

सेटिंग परत जुनं का होतं

‘मी स्वतः बदललं होतं, परत कसं झालं?’ याचं उत्तर त्या डब्याच्या मालकीत आहे. कंपन्या आपले डबे दुरून सांभाळतात, त्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत वापरतात. डबा ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, काही नवीन आहे का. नवीन फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) आलं, कंपनीने सगळ्यांचं सेटिंग एकसारखं केलं, किंवा तक्रारीनंतर कस्टमर केअरने पलीकडून रिसेट केलं की तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आतल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचायची वाट) उडालंच. ब्रिज मोडही (तो काय ते पुढे सांगतो) कधीकधी असाच उडतो.

यात गैर काही नाही असं कंपनी म्हणेल, आणि सत्तर वर्षांच्या आजोबांच्या घरचं वायफाय फोनवरून दुरुस्त होतं हा त्याचा फायदाही आहे. पण दुरून उघडणारं दार सगळ्यांसाठीच दार असतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत एका मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले, कारण दुरून सांभाळणीसाठीचं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट (डब्याच्या मागचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरमधलं दार) बाहेरून पोचण्याजोगं होतं. तेव्हा डबा त्यांचा म्हणून सुरक्षित, या समजुतीत राहू नका. आपल्याकडे तर लाइनमन वायफायचा पासवर्ड म्हणून ग्राहकाचा मोबाइल नंबरच ठेवून जातो आणि ॲडमिनचा पासवर्ड ‘ॲडमिन’च असतो. निदान हे दोन आजच बदला.

उपाय एकच: जे सेटिंग टिकायला हवं ते त्यांच्या डब्यात ठेवू नका, स्वतःच्या राउटरमध्ये ठेवा.

आणि डब्याच्या मागचं ते बारीक रिसेटचं भोक. त्यात पिन घालू नका. तुमचा स्वतःचा राउटर रिसेट केला तर पाच मिनिटांत परत उभा राहतो. कंपनीच्या डब्यात व्हीलॅन (एकाच तारेतली वाहतूक वेगळी ठेवणारा क्रमांक), लॉगिन असं कंपनीचं सेटिंग भरलेलं असतं; ते पुसलं की ऑपरेटरने परत भरेपर्यंत घर अंधारात. शनिवारी संध्याकाळी पिन घातली तर सोमवारपर्यंत बसा.

आपला राउटर लावायच्या तीन वाटा

बहुतेक घरांना मी ॲक्सेस पॉइंटची वाट सुचवतो, कारण तिला कंपनीची परवानगी लागत नाही. कंपनीचा डबा राउटर म्हणूनच राहतो, तुमचा राउटर फक्त वायफाय सोडतो. नव्या राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड नावाचा पर्याय असतो, तो निवडला की झालं. जुना राउटर असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्या (कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वर असेल असं धरून), आणि वायर त्याच्या वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. मग कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. ॲडमिन पेजवर तो पर्याय दिसत नसेल तर डब्याच्या कडेला डब्ल्यूलॅन लिहिलेलं बटण आहे का बघा, बऱ्याच डब्यांना असतं. नव्या राउटरला जुनंच वायफायचं नाव आणि पासवर्ड दिलात तर टीव्ही, कॅमेरे, सुनेचा-मुलाचा मोबाइल सगळे गुपचूप जोडले जातात. घरात कुणाला काही सांगावं लागत नाही.

दुसरी वाट ब्रिज मोडची. खरी स्वच्छ वाट हीच, पण ती कंपनीच्या हातून जाते. यात त्यांचा डबा निव्वळ ओएनटी होतो आणि लॉगिन तुमचा राउटर करतो. त्यासाठी पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड लागतो, काही ठिकाणी व्हीलॅनचा क्रमांकही. ब्रिज करून दिल्यावरही चालू झालं नाही तर पुढचं तपासा.

कंपनीने तुमचं खातं आधीच्या डब्याच्या मॅक पत्त्याला (कारखान्यातून आलेल्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असेल तर नवा राउटर नाकारला जातो. हेच ते मॅक बायडिंग. ऑपरेटरला ‘मॅक रिलीज करा’ म्हणा, एका मिनिटाचं काम आहे. तो टाळाटाळ करत असेल तर तुमच्या राउटरमध्ये मॅक क्लोनचा पर्याय वापरून जुना पत्ता द्या. दुसरं, एका खात्यावर एकाच वेळी एकच लॉगिन चालतं. डबा नावापुरता ब्रिज झालाय पण आतून अजून लॉगिन करतोय असं झालं तर तुमच्या राउटरवर पासवर्ड चुकीचा असल्यासारखी एरर येते. दोन्ही बंद करून दहा मिनिटं थांबा, मग फक्त तुमचा चालू करा. तिसरं, काही साइट उघडतात, काही अर्धवट लटकतात, बँकेचं पान फिरत राहतं. तिथे एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणाऱ्या डेटाची मर्यादा, बघा: पीपीपीओईवर तो १५०० नाही, १४९२ हवा, कारण ८ बाइट लॉगिनच्या आवरणात जातात.

कनेक्शनसोबत लँडलाइन किंवा टीव्हीचा प्लॅन असेल तर ब्रिज मागण्याआधी विचार करा. फोनचं सेटिंग त्याच डब्यात असतं आणि त्याचा पासवर्ड ग्राहकाला मिळत नाही. अशा घरांनी पहिल्याच वाटेने जावं.

तिसरी वाट म्हणजे त्यांच्या लॅनमधून वायर काढून आपल्या राउटरच्या वॅनमध्ये घालणं. लोक नकळत हेच करतात. चालतं, पण राउटरमागे राउटर होतो, त्याला डबल नॅट म्हणतात. ओटीटी, यूट्यूब, ऑनलाइन क्लास काहीही अडत नाही. दोन्ही डबे १९२.१६८.१.१ वरच असतील तर मात्र गोंधळ होतो, इंटरनेट येतच नाही. तुमच्या राउटरला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता द्या. बाहेरून आत यायचं असेल, म्हणजे कॅमेरे किंवा गेमिंग, तर अडतं. कंपनीच्या डब्यात डीएमझेडचा (बाहेरून येणारं सगळं एकाच पत्त्यावर पाठवायचा) पर्याय असेल आणि त्यात तुमच्या राउटरचा पत्ता भरला तर पुष्कळदा सुटतं.

डीव्हीआर दिसत नाही, त्याचं काय

अक्कलकोट रोडच्या कारखानदारांची ही पेटंट तक्रार. घरी बसून युनिटवरचे कॅमेरे बघायचे असतात, कंपनी बदलली आणि बंद पडले. राग राउटरवर निघतो. आधी राउटरच्या स्टेटस पेजवर वॅनचा आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच खरा पत्ता कंपनीने कैक ग्राहकांत वाटलाय. इथे राउटर त्यांचा असो, तुमचा असो की सोन्याचा असो, पोर्ट फॉरवर्डिंग चालणारच नाही. डीव्हीआरच्या ॲपमधलं क्यूआर कोडवालं क्लाउड वापरा, किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतात. क्लाउड वापरणार असाल तर डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदला.

वॅनचा आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते सीजीनॅट नाही, ते वरचं डबल नॅट.

उन्हाळा आणि लाइट

एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर नेट तुटतं आणि रात्री ठीक होतं, अशा घरात मी आधी डब्याला हात लावून बघतो. पत्र्याखाली, माळ्यावर, टीव्हीच्या मागच्या खणात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला ओएनटी सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत टिकावा ही अपेक्षाच जास्त आहे. भिंतीवर मोकळ्या जागी उभा लावा. दुसरा संशयित अडॅप्टर: लाइट कमी-जास्त होणाऱ्या भागात तो हळूहळू अशक्त होतो आणि डबा आपोआप रिस्टार्ट होत राहतो. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. छोटा यूपीएस घेतलात तर तो दोन्ही डब्यांना पुरतो का ते बघा. ओएनटी १२ व्होल्टचा आणि तुमचा राउटर ९ व्होल्टचा असेल तर पिना बदलून लावायचा प्रयोग करू नका. आणि फक्त राउटरला बॅकअप देऊन उपयोग नाही; लाइट गेल्यावर ओएनटी बंद पडला तर वायफायची रेंज फुल आणि नेट शून्य.

कंपनीशी बोलताना

‘माझा राउटर लावून द्या’ असं म्हणू नका. त्याचा अर्थ समोरचा ‘माझा ओएनटी लावा’ असा घेतो आणि नाही म्हणतो. असं म्हणा: “डबा तुमचाच राहू द्या. ब्रिज मोड करून द्या आणि पीपीपीओईचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाका.” स्थानिक ऑपरेटर असेल तर ऑफिसातल्या नेटवर्कवाल्या पोराशी बोला, वसुलीला येणाऱ्याशी नको. बहुतेक वेळा पाच मिनिटांत होतं. मोठ्या कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये ब्रिज म्हटल्यावर पलीकडचा गोंधळतो. टेक्निकल टीमकडून फोन यावा अशी तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. सरळ नकार आला तर पहिल्या वाटेने जा, त्याला कुणी अडवू शकत नाही.

हक्काचं म्हणाल, तर युरोपात चित्र वेगळं आहे. युरोपीय संघाच्या २०१५च्या नियमावलीने ग्राहकाला आपल्या पसंतीचं उपकरण वापरायचा हक्क दिला, आणि जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीचा राउटर लादायला कायद्याने मनाई झाली. अमेरिकेत २०१९च्या कायद्याने, डिसेंबर २०२० पासून, ग्राहक स्वतःचा राउटर वापरत असेल तर कंपनीला न दिलेल्या उपकरणाचं भाडं लावता येत नाही. भारतात राउटर निवडण्याचा असा थेट हक्क देणारा नियम नाही. त्यामुळे लाइनमनला ‘हे बेकायदेशीर आहे’ म्हणून दरडावण्यात अर्थ नाही.

पण पैशांचा मामला असेल, म्हणजे फुकट म्हणून दिलेल्या डब्याचं नंतर भाडं लावलं, डिपॉझिट परत मिळेना, सांगितलेला स्पीड येतच नाही, तर हात बांधलेले नाहीत. मोठ्या कंपन्यांना ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२च्या नियमांनुसार दोन पायऱ्या ठेवाव्याच लागतात: आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण, आणि अपिलाला फी नसते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, तिथे अर्ज करून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, आणि सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असलेल्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही.

या सगळ्यासाठी कागद लागतो, आणि तो कनेक्शन घेतानाच तयार करायचा असतो. डबा विकत दिलाय, भाड्याने की डिपॉझिटवर. डिपॉझिट परत मिळणार का. डबा जळला तर पैसे कोण देणार. हे पावतीवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. डब्याच्या तळाचा सिरीयल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवा. कनेक्शन बंद करताना डबा, अडॅप्टर आणि पॅच कॉर्ड तिन्ही परत करा, आणि त्याच सिरीयल नंबरची पोच घेतल्याशिवाय डबा हातातून सोडू नका.